दम आणि वेग : लघु अंतराच्या जलतरणातील सरावाचा समतोल

वाशीम ही प्राचीन काळची वत्सगुल्म नगरी होय. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. या नगरीत तीर्थे आणि तळी यांना मोठे स्थान आहे. पद्मतीर्थ आणि बालाजी मंदिराचा देव तलाव आजही त्या परंपरेची साक्ष देतात. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील मुले मात्र पोहायला शिकतात ती बहुधा विहिरीत. पाठीला कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा बांधून वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरावयाचे, काठाकाठाने हातपाय मारावयाचे, भीती गेली की डबा सोडून द्यावयाचा, ही शिक्षणाची पद्धत वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

विहिरीतील आणि तळ्यातील पोहण्यात एक महत्त्वाचा फरक आहे. विहिरीचा व्यास चार-सहा हातांचा, त्यामुळे तेथे उडी मारून झपाट्याने पलीकडचा काठ गाठावयाचा असतो. तळ्याचा पैल काठ दूर असल्याने तेथे श्वासाची लय सांभाळून संथपणे हात टाकावे लागतात. पहिल्या प्रकारात वेगाची कसोटी लागते, दुसऱ्यात दमसासाची. आधुनिक जलतरण स्पर्धांतील ५० आणि १०० मीटरच्या शर्यतींसाठी तयारी करताना याच दोन गुणांचा मेळ कसा घालावा, हा प्रशिक्षकांपुढील जुना आणि अवघड प्रश्न आहे. शालेय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने तो आता गावोगावच्या क्रीडा शिक्षकांपुढेही उभा राहतो. त्याचे उत्तर चुकले तर मुलाची केवळ शर्यत हुकत नाही, कोवळ्या वयातील त्याच्या खांद्यांना आणि उत्साहाला कायमची इजा पोहोचू शकते. म्हणूनच या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार होणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राची परंपरा

लघु अंतराच्या जलतरणात महाराष्ट्राने देशाला अभिमानास्पद कामगिरी करून दाखविली आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय सेनेतील जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना जबर जखमा होऊन अपंगत्व आले. तरीही १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांचे उदाहरण अलीकडचे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते वयाच्या सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना उतरले. २०१० साली ग्वांगझो येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्यांनी कांस्यपदक पटकाविले. १९८६ मध्ये खजानसिंग यांनी मिळविलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई जलतरणात भारताला मिळालेले हे पहिलेच पदक होते. पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात तहसीलदार म्हणून सेवा स्वीकारली आणि काही काळ सराव मागे पडल्यानंतर पुन्हा पाण्यात उतरून २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीची अंतिम फेरी गाठली. त्या शर्यतीत त्यांना २२.४७ सेकंद लागले. तिसऱ्या क्रमांकाच्या जपानी जलतरणपटूची वेळ २२.४६ सेकंद होती. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकले. त्या वेगाने पोहणारा माणूस एवढ्या अवधीत सुमारे सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दीड बोट अंतर कापतो. लघु अंतराच्या शर्यतीत सरावातील लहानशी चूकही किती महाग पडू शकते याची कल्पना यावरून यावी.

याच महाराष्ट्राने दीर्घ अंतराचे जलतरणपटूही घडविले आहेत. पुण्याचे रोहन मोरे यांनी जगातील सात अवघड सागरी खाड्या पोहून जाण्याचा विक्रम २०१८ साली पूर्ण केला. तासन्‌तास थंड पाण्यात हात मारीत राहण्याची ती तपश्चर्या अर्ध्या मिनिटाच्या शर्यतीपेक्षा सर्वस्वी वेगळी आहे. दोघेही जलतरणपटूच, परंतु त्यांच्या शरीराकडून अपेक्षिले जाणारे काम भिन्न आहे. हा भेद ध्यानात न घेता सर्वांना एकच सराव देणे हीच बहुतेक चुकांची सुरुवात ठरते.

शरीरातील तीन कोठारे

हा भेद समजण्यासाठी स्नायूंना शक्ती कोठून मिळते ते पाहिले पाहिजे. स्नायूंची शक्ती तीन कोठारांतून येते असे सोप्या भाषेत म्हणता येईल.

पहिले कोठार स्नायूंतच साठविलेल्या फॉस्फेटयुक्त द्रव्यांचे. ते तत्काळ उपलब्ध होते, त्याला प्राणवायू लागत नाही, मात्र पूर्ण जोर लावला तर आठ-दहा सेकंदांतच ते बरेचसे रिते होते. चुलीत टाकलेल्या वाळल्या काडीगवताप्रमाणे भडका मोठा, पण क्षणाचा.

दुसरे कोठार स्नायूंतील शर्करेचे. प्राणवायूची वाट न पाहता ती वेगाने जाळली जाते. यातून मिळणारी शक्ती मिनिटभर भरपूर पुरते. परंतु या ज्वलनात स्नायूंतील आम्लता वाढते, हातपाय जड होतात आणि शेवटच्या पंधरा मीटरमध्ये मुलाचे हात जणू चिखलातून ओढले जात आहेत असे दिसू लागते.

तिसरे कोठार प्राणवायूच्या साह्याने शर्करा आणि चरबी जाळण्याचे. त्याची गती मंद आहे, पण ते लवकर आटत नाही. बाभळीच्या ओंडक्याप्रमाणे ते संथ आणि दीर्घकाळ जळते.

ही तीनही कोठारे शर्यतीच्या पहिल्या क्षणापासून एकाच वेळी काम करीत असतात, प्रमाण मात्र बदलते. ५० मीटरच्या शर्यतीत पहिल्या दोन कोठारांचा वाटा फार मोठा असतो. १०० मीटरमध्ये तिसऱ्या कोठाराचा वाटा वाढून साधारणपणे एक तृतीयांशाच्या आसपास जातो. २०० मीटरमध्ये तर निम्म्याहून अधिक भार त्याच्यावर येतो. अंतर दुप्पट झाले की शर्यतीचा स्वभावच पालटतो, हे शिक्षकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

वेगवान जलतरणपटूला दम कशासाठी ?

५० मीटरच्या शर्यतीत तिसऱ्या कोठाराचा वाटा अल्प असेल तर दमसासाचा सराव करावयाचाच कशाला, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. त्याला तीन उत्तरे आहेत.

एक म्हणजे, रिते झालेले पहिले कोठार पुन्हा भरावयाचे काम प्राणवायूच करतो. पूर्ण विश्रांतीत ते सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मे आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरते. ज्याचे हृदय आणि फुफ्फुसे कसलेली आहेत त्याचे कोठार लवकर भरते. असा मुलगा एका सरावात आठ वेळा पूर्ण वेगाने पोहू शकतो, तर दम नसलेला मुलगा चौथ्या फेरीलाच ढेपाळतो. दमसास प्रत्यक्ष शर्यतीपेक्षा शर्यतीच्या तयारीसाठी अधिक उपयोगी पडतो, तो असा.

दुसरे म्हणजे, स्पर्धेच्या दिवशी मुलाला एकच शर्यत पोहावयाची नसते. सकाळी प्राथमिक फेरी, नंतर अंतिम फेरी, त्यातच रिले शर्यत, असा क्रम असतो. दोन फेऱ्यांमध्ये ज्याचे शरीर लवकर सावरते तोच अखेरच्या फेरीत ताजा उतरतो.

तिसरे म्हणजे, थकवा येताच शैली बिघडते. कोपर खाली पडते, कंबर बुडते, पाय फाकतात. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असल्याने शरीर किंचित तिरपे झाले तरी विरोध एकदम वाढतो. दम असलेला मुलगा अखेरच्या पट्ट्यापर्यंत शरीर सरळ ठेवू शकतो.

अतिरेकाचे तोटे

दम आवश्यक आहे हे खरे, परंतु तो जितका अधिक तितका चांगला ही समजूत खरी नाही. कित्येक ठिकाणी प्रशिक्षक मुलांकडून रोज शेकडो फेऱ्या संथपणे मारून घेतात आणि किती किलोमीटर पोहून झाले यावरच सरावाचे मोल ठरवितात. शास्त्रज्ञांनी या समजुतीची परीक्षा घेतली आहे.

अमेरिकेतील बॉल स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड कॉस्टिल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन जलतरणपटूंचे दोन गट केले. एका गटाने दिवसातून एकदा, तर दुसऱ्याने सहा आठवडे दिवसातून दोनदा सराव केला. म्हणजे दुसऱ्या गटाचे रोजचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. अखेरीस दुप्पट कष्टांचा कोणताही अधिक लाभ दिसून आला नाही. उलट त्या काळात दुसऱ्या गटाचा लघु अंतरातील वेग घटल्याचे आढळले. रॉबर्ट हिकसन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ताकदीचा आणि दमसासाचा कडक सराव दहा आठवडे एकत्र देण्यात आला. पहिले सात आठवडे ताकद वाढत गेली. त्यानंतर ती थांबली आणि शेवटी उतरू लागली. शरीराला एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध आज्ञा दिल्या तर ते त्यांपैकी एक पुरी पाळीत नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. शंकरपटात धावणारी जोडी कोणी पटाच्या आदल्या दिवशी नांगराला जुंपीत नाही. तिला फिरविले जाते, मोकळे केले जाते, चारापाणी सांभाळले जाते. परंतु वर्षभर गोठ्यात बांधून ठेवलेली जोडीही पटात टिकत नाही, हेही तो जाणतो.

तीव्र सरावाचे सामर्थ्य आणि मर्यादा

याच्या उलट टोकाला दुसरा विचार आहे. मुलाने केवळ शर्यतीच्या वेगानेच पोहावे, संथ पोहणे सर्वस्वी व्यर्थ आहे, असे काही जण मानतात. या विचारालाही काही आधार आहे. जपानमधील इझुमी ताबाता यांच्या १९९६ मधील प्रसिद्ध प्रयोगात स्थिर सायकलवर २० सेकंद पूर्ण जोर आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ आवर्तनांचा सराव सहा आठवडे देण्यात आला. या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता तर वाढलीच, शिवाय प्राणवायूविना काम करण्याची क्षमताही २८ टक्क्यांनी वाढली. रोज तासभर मध्यम गतीने सायकल चालविणाऱ्या गटात मात्र केवळ पहिली क्षमता वाढली. थोड्या वेळेचे तीव्र काम दमसासही वाढविते, हा या प्रयोगाचा मुख्य बोध होय.

ऑस्ट्रेलियाचे कॅमेरॉन मॅकएव्हॉय यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. जुन्या पद्धतीच्या दीर्घ सरावावर वाढलेले हे जलतरणपटू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्त शैलीच्या अंतिम फेरीत सातवे आले. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर त्यांनी काही काळ विश्रांती घेतली. परतल्यावर पाण्यातील अंतर मोठ्या प्रमाणात कमी करून ताकद आणि निव्वळ वेग यांवर भर दिला. २०२३ मध्ये ते ५० मीटरचे जगज्जेते ठरले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी २१.२५ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

मात्र यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. रशियाचे अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १९९२ आणि १९९६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० मीटरची सुवर्णपदके मिळविली, ती प्रशिक्षक गेनाडी तुरेत्स्की यांच्या हाताखाली संथ गतीने, निर्दोष शैलीत पुष्कळ अंतर पोहून. मॅकएव्हॉय यांच्या अल्प सरावामागेही अनेक वर्षांच्या दीर्घ सरावाची पुंजी होती. पाया घातलेल्या घरावर मजला चढविणे आणि मोकळ्या जमिनीवर मजला बांधू पाहणे यांत अंतर आहे. शालेय मुलाला प्रथम पाया हवा असतो.

तीव्र सराव वारंवार दिला तर त्याचेही तोटे आहेत. रोज दुसऱ्या कोठारावर ताण पडल्यास मुलाची झोप उडते, भूक मंदावते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वेगाने चालू लागते. खांदे दुखू लागतात. मुलगा सरावाला येण्याचे टाळू लागतो. ही लक्षणे आळसाची नसून अतिश्रमाची आहेत, हे शिक्षकांनी आणि पालकांनी ओळखले पाहिजे.

वयानुसार प्रमाण

बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांत दुसरे कोठार पुरते विकसित झालेले नसते. म्हणून त्या वयात छाती फुटेस्तोवर जोर करावयास लावण्यात फारसा लाभ नाही. या वयात शुद्ध शैली, चारही प्रकारांची ओळख, खेळकर रीतीने वाढविलेला दम आणि १०-१५ मीटरच्या छोट्या झेपा एवढेच पुरे. चौदा ते सतरा या वयात, शरीराची वाढ पाहून, तीव्र सराव हळूहळू वाढवावा. एकाच वर्गातील दोन मुलांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते, म्हणून केवळ जन्मतारखेवर विसंबू नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहिली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर प्राणवायू स्नायूंपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. अशा मुलीला दम वाढविण्यासाठी अधिक फेऱ्या मारावयास लावणे म्हणजे गळक्या मोटेने विहीर उपसणे होय. सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, तसेच डाळी, हिरव्या पालेभाज्या, शेंगदाणे, गूळ, अंडी यांचा आहारात समावेश करावा. सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्यात प्रथिनांसाठी महागड्या डब्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

मोजक्या पाण्यात सराव

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा मिळून झाला आहे. अशा ग्रामीण जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तरण तलावाचे तास मोजकेच मिळणार, हे गृहीत धरूनच योजना आखावी लागते. महानगरातील मूल रोज दोन वेळा पाण्यात उतरू शकते. खेड्यातील मुलाला आठवड्यातून चार तास मिळाले तरी पुष्कळ.

येथेच लघु अंतराच्या शर्यतीचे वैशिष्ट्य कामी येते. १५०० मीटरच्या शर्यतीची तयारी पाण्याच्या थोड्या तासांत होऊ शकत नाही. ५० आणि १०० मीटरची तयारी मात्र होऊ शकते, कारण हृदय आणि फुफ्फुसे यांचा बराचसा पाया जमिनीवर घालता येतो. धावणे, सायकल, दोरीवरच्या उड्या यांनी दम वाढतो. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब यांनी खांदे, पाठ आणि कंबर बळकट होतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून जोपासलेली ही देशी व्यायामाची परंपरा विभागातील शिक्षकांच्या परिचयाची आहेच. पाण्याची जाण, हाताची पकड आणि वेग या गोष्टी मात्र पाण्याबाहेर शिकता येत नाहीत. म्हणून पाण्याचे मोजके तास मुख्यतः शैली आणि वेग यांवर खर्च करावेत आणि दमाचा बराच भार जमिनीवर टाकावा, हे ग्रामीण भागासाठी व्यवहार्य सूत्र ठरते.

चौदा वर्षांवरील, नीट पोहता येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आठवड्याचा एक नमुना पुढीलप्रमाणे देता येईल.

सोमवार, निव्वळ वेग : ४०० मीटर सावकाश पोहून अंग मोकळे करावे. नंतर १५ मीटरच्या ८ झेपा पूर्ण वेगाने, प्रत्येकीनंतर दोन मिनिटे विश्रांती. शेवटी ३०० मीटर संथ.

मंगळवार, दम : १०० मीटरच्या ८ ते १० फेऱ्या, मध्ये २० सेकंद विश्रांती. नाडी मिनिटाला १३० ते १५० च्या दरम्यान राहावी. दहा सेकंदांचे ठोके मोजून सहाने गुणले की हा आकडा मिळतो.

बुधवार, जमिनीवर : २५ ते ३० मिनिटे धावणे, त्यानंतर दंड, बैठका आणि पोटाचे व्यायाम.

गुरुवार, शर्यतीची गती : २५ मीटरच्या १२ फेऱ्या, मध्ये ३० ते ४० सेकंद विश्रांती. १०० मीटर ७० सेकंदांत पोहण्याचे लक्ष्य असेल तर प्रत्येक २५ मीटर साडेसतरा सेकंदांत यावे. वेळ सतत घसरू लागली की फेऱ्या थांबवाव्यात.

शुक्रवार, जमिनीवर : मल्लखांब किंवा सूर्यनमस्कार आणि खांद्यांचे हलके व्यायाम.

शनिवार, तीव्र सराव : ५० मीटरच्या ४ फेऱ्या पूर्ण जोराने, मध्ये चार ते पाच मिनिटे विश्रांती. त्यानंतर ४०० मीटर संथ पोहावे. हलक्या हालचालीने स्नायूंतील आम्लता स्वस्थ बसण्यापेक्षा लवकर कमी होते.

रविवारी पूर्ण विश्रांती घ्यावी.

या नमुन्यात वेगाने पोहावयाचे अंतर एकूण अंतराच्या मानाने थोडेच आहे, हे जाणकारांच्या लक्षात येईल. संथ मीटर अधिक, वेगवान मीटर थोडे, परंतु जे वेगवान ते खरोखरच वेगवान, हेच समतोलाचे मर्म आहे. विश्रांती कमी करून वेगाच्या सरावाला दमाचा सराव बनविणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. अशा सरावात मुलगा ना पुरता वेगवान होतो, ना पुरता दमदार.

काळाचे नियोजन

वर्षभर एकच प्रमाण ठेवून चालत नाही. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. जिल्हा स्पर्धेची तारीख कळली की तेथून मागे बारा आठवडे मोजावेत. पहिले पाच आठवडे दम आणि शैली यांना, पुढील पाच आठवडे वेग आणि शर्यतीची गती यांना द्यावेत. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण अंतर सुमारे निम्म्यावर आणावे, वेग मात्र कमी करू नये. पिकाला अखेरचे पाणी तोडल्याशिवाय दाणा पक्व होत नाही, तसेच सरावाचे फळ विश्रांतीतच पिकते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने पायाभरणीचे काम उन्हाळ्याच्या सुटीत, सकाळच्या गारव्यात, उरकून घेणे सोयीचे ठरते.

विद्यार्थ्याला दम कमी पडतो की वेग, हे ठरविण्यासाठी एक घड्याळ पुरे आहे. ५० मीटरच्या वेळेची दुप्पट करावी आणि ती १०० मीटरच्या वेळेशी ताडून पाहावी. समजा, एक मुलगा ५० मीटर ३० सेकंदांत पोहतो. त्याची १०० मीटरची वेळ ६५-६६ सेकंद असेल तर समतोल ठीक आहे. ती ७० सेकंद असेल तर दम कमी आहे. दुसरा मुलगा ५० मीटरला ३२ सेकंद आणि १०० मीटरला ६७ सेकंद घेत असेल तर त्याला दम आहे, वेग नाही. त्याला आणखी फेऱ्या मारावयास लावणे व्यर्थ होय. दर महिन्याला ही नोंद वहीत ठेवल्यास सराव कोणत्या बाजूला झुकवावा हे आपोआप उमजेल.

सुरक्षिततेची अट

या सर्व विवेचनाला एक अट आहे. तीव्र गतीचा सराव जीवरक्षक आणि प्रशिक्षक हजर असलेल्या तरण तलावातच व्हावा. विहीर, शेततळे किंवा धरणाचा जलाशय ही त्याची जागा नव्हे. पूर्ण जोर लावून थकलेला पोहणाराही तेथे बुडू शकतो. पाण्याखाली श्वास रोखून अधिकाधिक अंतर काटण्याच्या पैजा मुलांमध्ये लागतात. भराभर दीर्घ श्वास घेऊन बुडी मारल्यास श्वासाची निकड जाणवण्यापूर्वीच शुद्ध हरपते आणि मूल हाकही न मारता तळाशी जाते. अशा पैजांना शिक्षकांनी निक्षून मनाई करावी. गावच्या विहिरीला कठडा, काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब एवढी व्यवस्था ग्रामपंचायत अल्प खर्चात करू शकते. स्पर्धेत उतरणारी मुले थोडी, पण पाण्याच्या काठाशी खेळणारी मुले गावोगाव आहेत.

शिक्षकांनी नोंदवही ठेवावी, आरोग्य केंद्राने तपासणी करावी, क्रीडा अधिकाऱ्यांनी तलावाचे तास वाटताना दूरच्या तालुक्यांतील मुलांचा विचार करावा आणि पंचायत सदस्यांनी मुलांच्या ये-जा करण्याची सोय पाहावी. यांपैकी कोणतेच काम फार मोठ्या खर्चाचे नाही. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असल्याने या श्रमांचे मोल पालकांनाही पटवून देता येईल. मात्र त्याहून मोठा लाभ असा की, दम आणि वेग यांचा मेळ साधलेले मूल पाण्याला भीत नाही आणि पाण्याशी बेफिकिरीही करीत नाही. विहिरीच्या काठावर भोपळा बांधून उभ्या असलेल्या मुलाला तेथपर्यंत नेणे हे शाळा, पंचायत आणि शासन यांनी मिळून करावयाचे काम आहे.